उघडं छत, मागची जाळी आणि सोणाच्या वहाणा

१९८९ सालच्या फेब्रुवारीत शिकागोच्या मोटार प्रदर्शनात माझदा कंपनीनं दोन आसनांची, उघड्या छताची एक लहानशी गाडी मांडली. नाव एमएक्स-५; अमेरिकेत ती मियाटा म्हणून ओळखली जाते. महिनाभरानं जिनिव्हाच्या प्रदर्शनात मर्सिडीज-बेंझनं आपली नवी एसएल आणली. तीही उघड्या छताचीच. माझदाच्या अभियंत्यांनी गाडी घडवताना घोडा आणि स्वार एकजीव होण्याची जपानी कल्पना समोर ठेवली होती. वजन कमी, चोचले कमी, चालक आणि रस्ता यांच्यातलं अंतर कमी. मर्सिडीजनं वेगळा विचार केला. तिच्या गाडीत उलटण्याची चाहूल लागताच सेकंदाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यात उभा राहणारा रोल बार होता आणि पुढच्या आसनांच्या पाठीमागे ताणून बसवायची एक काळी जाळी होती. तिला आज सगळीकडे विंड डिफ्लेक्टर म्हणतात. वारा खाण्यासाठी बनवलेल्या गाडीत वारा रोखण्याची सोय!

गेल्या तीन दशकांत या जाळीचा स्वतंत्र बाजार उभा राहिला. कंपनीनं ती दिली नसेल, किंवा दिलेली फारच तोकडी असेल, तर बाहेरच्या उत्पादकाची मागवता येते. टिंगल करणाऱ्यांना इथे आयतं कुरण मिळतं. छताच्या गाडीपेक्षा जास्त पैसे मोजून बिनछताची गाडी घ्यायची, मग वारा लागतो म्हणून पुन्हा खिशात हात घालायचा, सुटीची सकाळ खर्चून ती जाळी बसवायची आणि वर सांगायचं, आता कुठे खरी मजा येतेय! मग छत असलेलीच गाडी का नाही घेतली?

हा टोमणा सोपा असला तरी त्याच्या पोटातला प्रश्न जुना आहे. एखादा अनुभव माणसानं स्वखुशीनं पत्करला, तर त्याच्यासोबत येणारा त्रासही सगळाच्या सगळा पत्करायचा, की त्यातला काही वगळायची मुभा आहे? सोसण्याला मोल कधी येतं, आणि सोसणं हा नुसता हट्ट कधी होतो? ग्रीक-रोमन स्टोइकांनी, जैन आचार्यांनी आणि बुद्धानं हा प्रश्न आपापल्या परीनं हाताळला आहे. गाडीच्या जाळीसारखी किरकोळ वस्तू त्याच्या मदतीनं तपासून पाहायला हरकत नाही.

आधी वारा नेमका कुठून येतो ते पाहायला हवं, कारण बहुतेकांचा अंदाज इथेच चुकतो. वारा समोरून तोंडावर येत असेल असं वाटतं. प्रत्यक्षात पुढची काच आपलं काम चोख बजावते. गाडी धावताना समोरची हवा काचेवर चढते, काचेच्या वरच्या कडेपाशी गाडीची साथ सोडते आणि बसलेल्यांच्या डोक्यांवरून मागे निघून जाते. तिच्या खाली, आसनांच्या जागेत, हवेचा दाब उतरतो. तो भरून काढायला डिकीच्या झाकणावरची हवा उलटी फिरते आणि दोन आसनांमधून, खांद्यांवरून पुढे घुसते. उघड्या गाडीत बसणाऱ्यांचे लांब केस म्हणूनच सिनेमातल्यासारखे मागे लहरत नाहीत. ते तोंडावर येतात, डोळ्यांत जातात. गार झोत बसतो तो मानेवर. शिवाय वेग दुप्पट झाला की हवेचा जोर चौपट होतो. शहरात ताशी पन्नासच्या वेगाला जी झुळूक वाटते, तीच महामार्गावर ताशी शंभरला थपडा मारू लागते.

म्हणजे त्रास देणारा वारा गाडीनं स्वतःच निर्माण केलेला असतो. ती थांबली की तोही थांबतो. तिच्या धावण्यामुळे मागे पोकळी तयार होते आणि त्या पोकळीनं ओढून आणलेली हवा चालकाच्याच मानगुटीवर बसते. कार्यकारणाची साखळी शिकवणाऱ्या बौद्ध आचार्यांना वर्गात दाखवायला हे उदाहरण आवडलं असतं. आकाशाची यात काही चूक नाही.

जाळीची करामत याच ठिकाणी आहे. ती समोरचा वारा अडवत नाही, अडवूही शकत नाही, कारण ती पाठीमागे असते. मागून उलटी येणारी हवा तिच्या बारीक छिद्रांतून जाताना आपला जोर गमावते आणि झोताची झुळूक होऊन पुढे येते. डोक्यावरचं आकाश, बाजूची झाडं, उन्हाची ऊब, ओल्या मातीचा किंवा कापलेल्या गवताचा वास, यांतलं काहीच कमी होत नाही. आरशातून मागचा रस्ताही दिसत राहतो. काही उत्पादक जाळीऐवजी पारदर्शक ॲक्रिलिकची पाटी देतात. तिच्यातून मागचं अधिक स्वच्छ दिसतं आणि हवाही जास्त अडते. पण तिच्यावर ओरखडे पडतात आणि ऊन तिरपं झालं की चकाकी डोळ्यांवर येते.

खरेदी करताना मुख्य अट एकच: वस्तू त्या गाडीच्या त्याच मॉडेलसाठी आणि त्याच पिढीसाठी बनवलेली असावी. जाळीची वरची कड हेडरेस्टच्या मानानं फार खाली राहिली तर हवा तिच्यावरून उडी मारून आत येते. कडेला आणि खालच्या बाजूला फटी राहिल्या तर तिथून शिरते. आसनाची पाठ मागे कलवायला जागा उरते का, जाळी जागेवर असताना छत बंद करता येतं का, हे मॉडेलगणिक बदलतं आणि विकत घेण्याआधीच विचारावं लागतं. अपघाताच्या क्षणी वर उसळी मारणारे रोल बार ज्या गाडीत आहेत, तिथे जाळीचा कोणताही भाग त्यांच्या वाटेत येता कामा नये. या मुद्द्यावर तडजोड नाही.

बसवण्याचं काम बहुधा अवजारांशिवाय होतं. दोन आसनांच्या गाडीत जाळी आसनांमागच्या कमानींना पट्ट्यांनी, वेल्क्रोनं किंवा पकडींनी बांधतात. पट्टे सैल राहिले तर चौकट खडखडते. चार आसनांच्या गाडीतली जाळी मोठी आणि घडीची असते. तिची घडी उलगडायची, एक भाग मागच्या आसनांवर आडवा पसरायचा, दुसरा पुढच्या आसनांच्या पाठीशी उभा करायचा आणि बाजूच्या खिळ्या आतल्या पॅनलमधल्या खाचांत दाबून बसवायच्या. एखादी जाळी भोकं पाडल्याशिवाय बसतच नसेल, तर ती त्या गाडीची नव्हे असं समजून परत करणं शहाणपणाचं. पॅनलच्या आत वायरी, सीटबेल्टची यंत्रणा आणि काही गाड्यांत एअरबॅगसुद्धा असते.

आता आक्षेप. उघड्या गाडीचे कट्टर शौकीन म्हणतात की वारा हा या गाडीचा दोष नाही, तो तिचा स्वभाव आहे. ज्याला तो सोसत नाही त्यानं सेडान घ्यावी. या म्हणण्याला एका थोर स्टोइक तत्त्वज्ञाचा आधार मिळू शकतो. एपिक्टेटस गुलाम म्हणून जन्मला, पायानं अधू होता, आणि पुढे ग्रीसमधल्या निकोपोलिस गावी तत्त्वज्ञान शिकवू लागला. त्याच्या शिकवणीचं जे छोटं पुस्तक त्याच्या शिष्यानं, एरियननं, संकलित केलं, त्यात सार्वजनिक स्नानगृहाचं उदाहरण आहे. तिथे जाण्याआधीच मनात आणावं की लोक पाणी उडवतील, धक्के देतील, शिव्या देतील, कुणी चोरीही करील. आंघोळ हवी असेल तर हे सगळं तिच्यासोबत येणार, आणि आपल्याला आंघोळीइतकंच आपलं मनही ताळ्यावर ठेवायचं आहे. उघडी गाडी घेणाऱ्यानं वारा धरूनच ती घेतली, मग तक्रार कसली?

युक्तिवाद जोरदार आहे, पण त्यातून जाळी न बसवण्याचा निष्कर्ष निघत नाही. एपिक्टेटसचा रोख चिडचिडीवर आहे, उपायावर नाही. धक्के बसतील हे जाणून असलेला माणूस गर्दी कमी असेल त्या वेळी आंघोळीला गेला, तर त्यानं स्टोइक शिस्त मोडली असं कुणी म्हणणार नाही. आपलं चित्त बिघडू न देणं आणि खिडकीची काच वर करणं या दोन गोष्टी एकाच माणसाला एकाच वेळी जमू शकतात.

कट्टर शौकिनांच्या म्हणण्यात आणखी एक अडचण आहे, ती त्यांच्या नाकासमोरच आहे. पुढची काच! तीही वारा अडवणारीच वस्तू. फोर्डच्या सुरुवातीच्या मॉडेल टी गाड्यांना ती जादा पैसे मोजून घ्यावी लागे. त्या काळचे मोटारवाले डोळ्यांवर गॉगल, अंगात धूळ झेलणारा लांब डगला आणि डोक्याला घट्ट टोपी घालून निघत. त्यांच्यातल्या एखाद्यानं आजच्या एमएक्स-५ कडे पाहिलं असतं तर तिला बंदिस्त गाडीच म्हटलं असतं. आधीच्या पिढीनं केलेली सोय आपल्याला निसर्गाचा भाग वाटते आणि आपल्या डोळ्यांदेखत झालेली सोय लाडावल्यासारखी वाटते. शुद्धतेच्या बहुतेक वादांत ही गफलत असते. सीमारेषा नेमकी आपल्या जन्मवर्षाच्या आसपास आखलेली असते.

धोक्याशिवाय अनुभवाला धार येत नाही, असंही सांगितलं जातं. अठराव्या शतकातल्या युरोपीय विचारवंतांनी या भावनेचा बारकाईनं अभ्यास केला. एडमंड बर्कनं १७५७ साली लिहिलं की भय अगदी अंगावर आलं तर ते निव्वळ भय असतं. काही अंतर राखलं तरच त्यातून आनंद मिळतो. इमॅन्युएल कांटनं १७९० च्या आपल्या ग्रंथात वादळं, ज्वालामुखी आणि खवळलेला समुद्र यांच्या भव्यतेची चर्चा करताना तीच अट घातली: पाहणारा सुरक्षित जागी हवा. कोनिग्सबर्ग शहर सोडून फारसा कुठे न गेलेल्या या माणसाला हे नीट कळलं होतं, की जीव मुठीत धरलेल्याला सौंदर्य दिसत नाही. तरी कांटचा दाखला इथे अर्धाच लागू पडतो. त्याचा प्रेक्षक वादळाच्या बाहेर उभा आहे, गाडीतला माणूस वाऱ्याच्या आत बसलेला आहे. जाळीनं तो वाऱ्याबाहेर जात नाही, एवढंच जाळीच्या बाजूनं म्हणता येतं.

भारतीय परंपरेत सोसण्याला फार मोठं स्थान आहे, आणि तिथला विचार अधिक काटेकोर आहे. जैन आचार्य उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात साधूनं सोसायच्या बावीस परीषहांची यादी येते. भूक, तहान, थंडी, उष्णता, डासांचे दंश अशी ती सुरू होते. पण यादीच्या आधीच हेतू सांगितला आहे: साधनेच्या मार्गावरून ढळू नये आणि कर्मांची निर्जरा, म्हणजे क्षय, व्हावी, यासाठी हे सोसायचं. हेतू नसलेला त्रास या हिशेबात धरलेलाच नाही. भगवद्गीतेचा सतरावा अध्याय याहून स्पष्ट बोलतो. शरीराला उगाच छळणारं, दंभानं किंवा मूढ आग्रहानं केलेलं तप तिथे खालच्या दर्जाचं ठरवलं आहे. महामार्गावर मानेवर थपडा खात दोन तास गाडी हाकणारा माणूस कुठल्या साधनेत असतो? बहुतेक वेळा तो फक्त इतरांना सांगायची एक गोष्ट जमवत असतो.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला तितिक्षेचा उपदेश सर्वपरिचित आहे. थंडी-ऊन, सुख-दुःख येतात आणि जातात, टिकत नाहीत, म्हणून ती सोसावीत. या उपदेशाचा आधार सोसायच्या गोष्टीच्या अनित्यतेवर आहे, हे सहसा लक्षात घेतलं जात नाही. मानेवरचा गारठा येतो आणि जातो. कानांचं तसं नाही. ब्रिटनमधल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांनी २००९ साली एक पाहणी मांडली. छत उघडं ठेवून ताशी ८० ते ११२ किलोमीटर वेगानं जाणाऱ्या गाड्यांत चालकाच्या कानापाशी आवाज ८८ ते ९० डेसिबलपर्यंत पोचत होता. अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेची शिफारस आठ तासांसाठी ८५ डेसिबलची आहे, आणि दर तीन डेसिबलला ती मुदत निम्मी होते. म्हणजे ८८ डेसिबलला चारच तास. अंतर्कर्णातल्या आवाज टिपणाऱ्या पेशी एकदा मेल्या की माणसाच्या शरीरात पुन्हा उगवत नाहीत. जे जाऊन परत येत नाही, ते सोसायला गीतेनं सांगितलेलं नाही. आवाजावर सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे बाजूच्या काचा वर करणं. जाळी मागून येणाऱ्या हवेचा गोंधळ कमी करते. दोन्ही मिळून शेजारच्याशी ओरडल्याशिवाय बोलता येतं.

इथवर जाळीची बाजू भक्कम झाली. पण खरा पेच अजून पुढेच आहे, आणि त्यासाठी चंपा नगरीतल्या सोण कोळिविसाकडे जायला हवं.

बौद्ध विनयपिटकाच्या महावग्गात त्याची कथा येते. सोण अत्यंत श्रीमंत घरचा, इतका सुकुमार की त्याच्या तळपायांवर केस होते, आणि ते पाहायला मगधराज बिंबिसारानं त्याला बोलावून घेतलं. पुढे तो भिक्खू झाला. चालत ध्यान करताना त्यानं स्वतःला इतकं ताणलं की पायांतून रक्त आलं, आणि चंक्रमणाची वाट रक्तानं माखली. गृहस्थाश्रमात तो वीणा वाजवत असे. म्हणून बुद्धानं त्याला तारांबद्दल विचारलं. फार ताणल्या तर? फार सैल सोडल्या तर? मध्यम मार्गाचं हे उदाहरण जगभर पोचलं आहे. त्यापुढचा भाग मात्र फारसा सांगितला जात नाही. बुद्धानं सोणाला एका तळाच्या साध्या वहाणा वापरायची परवानगी दिली. सोणानं ती नाकारली. त्याचं म्हणणं असं, की एवढी संपत्ती सोडून आलो आणि आता वहाणांना चिकटलो असं लोक म्हणतील. संघातल्या सर्वांना परवानगी मिळाली तर मीही घालेन, नाहीतर नाही. बुद्धानं मग ती परवानगी सगळ्या भिक्खुसंघाला दिली.

या प्रसंगात बुद्धानं त्रासाची बाजू घेतली नाही. पायातून रक्त येत असेल तर वहाणा घालाव्यात, यात त्याला काही गैर वाटलं नाही. सोणानंही वहाणा वाईट असं म्हटलं नाही. त्याची हरकत एकट्यापुरत्या सोयीला होती. सोय किती असावी या प्रश्नाच्या जागी त्यानं ती कोणाकोणाला मिळावी हा प्रश्न ठेवला.

वाऱ्याच्या जाळीला हीच कसोटी लावली तर चित्र बदलतं. दोन आसनांच्या गाडीत ती चालक आणि शेजारी दोघांनाही सारखीच उपयोगी पडते. किंबहुना शेजाऱ्याला जास्त, कारण चालकाला स्टिअरिंगचं सुख तरी असतं. शेजारी नुसताच वारा खात बसतो आणि थोड्या वेळानं छत लावायची विनंती करतो. जाळीमुळे छत उघडं राहतं, गप्पा चालू राहतात, आणि थंडीच्या दिवसांतही गाडी उघडी नेता येते. सोणाला इथे तक्रारीला जागा नसती.

चार आसनांच्या गाडीत मात्र हिशेब उलटतो. तिथली जाळी मागच्या दोन जागांवर आडवी पसरते. पुढच्या दोघांची मान उबदार राहावी म्हणून मागच्या दोघांची जागाच नाहीशी होते. गाडी कागदोपत्री चौघांची, व्यवहारात दोघांची. आणि जाळी काढली तर त्या मागच्यांना पुढच्यांपेक्षा कितीतरी जास्त वारा बसतो. घरोघरी हा अनुभव आहे: जाळी एकदा बसवली की ती काढायचा कंटाळा येतो, मग मुलांना किंवा आजीला उघड्या गाडीतून फिरवण्याचा बेत पुढे पुढे ढकलला जातो, आणि काही महिन्यांत ती मागची आसनं सगळे विसरूनच जातात. कुणीही वाईट हेतूनं काही केलेलं नसतं. सोयीनं आपली जागा पक्की केली आणि माणसांची कमी केली, एवढंच.

मर्सिडीजच्या अभियंत्यांना ही अडचण दिसली असावी, असं त्यांच्या पुढच्या कामावरून वाटतं. २००४ च्या दोन आसनी एसएलकेमध्ये त्यांनी हेडरेस्टच्या आतून मानेवर गरम हवा सोडणारी यंत्रणा दिली होती. ती पुन्हा पुढच्या दोघांसाठीच. २०१० च्या चार आसनी ई-क्लास कॅब्रिओलेमध्ये त्यांनी निराळी वाट धरली. पुढच्या काचेच्या वरच्या कडेतून एक पट्टी वर उचलली जाते, ती हवेला अधिक उंचावरून मागे पाठवते, आणि मागच्या हेडरेस्टच्या मध्ये एक छोटी जाळी उभी राहते. त्यामुळे चारही जागा वापरात राहतात. यंत्रणा महाग आहे, गुंतागुंतीची आहे, आणि समोरून गाडी थोडी विचित्र दिसते असं अनेकांचं मत आहे. पण त्या पट्टीमागे मागच्या माणसाचा विचार आहे.

मग या सोयींना अंत कुठे? ग्रीक तत्त्वज्ञ युब्युलिडीसच्या नावावर धान्याच्या राशीचं कोडं सांगितलं जातं. राशीतून एकेक दाणा काढत गेलं तर ती रास कधी संपते? उघडी गाडी एकेका सोयीनं कधी बंद होते? इतिहासात हे एकदा होऊन गेलेलं आहे. जनरल मोटर्सचे प्रमुख आल्फ्रेड स्लोन यांनी नोंदवल्याप्रमाणे १९१९ साली अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या गाड्यांपैकी बंद बांधणीच्या गाड्या जेमतेम १० टक्के होत्या. १९२७ पर्यंत त्या ८५ टक्के झाल्या. १९७६ साली कॅडिलॅकनं आपली उघडी एल्डोराडो अमेरिकेतली शेवटची कन्व्हर्टिबल म्हणून वाजतगाजत निरोपाला काढली. पण १९८२ मध्ये क्रायस्लरनं लेबॅरन आणली आणि उघड्या गाड्या परतल्या. दुसऱ्या टोकाला, २०१९ साली जाहीर झालेल्या मॅक्लारेन एल्वामध्ये पुढची काचच नव्हती. तिच्याऐवजी गाडीच्या नाकातून वर सोडलेल्या हवेच्या झोतानं समोरची हवा बसणाऱ्यांवरून उडवून लावायची, अशी योजना होती. वाऱ्यानं वारा अडवायचा, आणि तोही अफाट किमतीत! पुढे तिलाही काच असलेली आवृत्ती मिळाली.

राशीच्या कोड्याला दाणे मोजून उत्तर मिळत नाही. अमेरिकेत शिकवणाऱ्या अल्बर्ट बोर्गमन या तत्त्वज्ञानं १९८४ साली मांडलेला फरक इथे उपयोगी पडतो. घरातली चूल किंवा शेकोटी लाकूड फोडायला, विस्तव सांभाळायला, भोवती बसायला भाग पाडते. बटण दाबून घर उबदार करणारं यंत्र ऊब देतं आणि बाकी सगळं आपल्या नजरेआड करतं. या मोजमापात जाळी शेकोटीच्या बाजूला पडते. ती हातानं बसवावी लागते आणि हातानं काढावी लागते. पाऊस आला आणि छत जाळीसकट बंद होत नसेल, तर रस्त्याच्या कडेला थांबून, भिजत, तिची घडी घालावी लागते. आकाशाशी गाडीचा संबंध ती तोडत नाही.

भारतात हा सगळा प्रकार दुर्मीळ आहे, त्याला ऊन, धूळ आणि पावसाळा अशी तीन कारणं पुरेशी आहेत. तरीही गोव्यात सॅन स्टॉर्म नावाची फायबरच्या बॉडीची दोन आसनी उघडी गाडी तयार होत असे, आणि २ ऑक्टोबर २०२० रोजी बाजारात आलेली, नाशिकच्या कारखान्यात तयार होणारी महिंद्राची थार कापडी उघड्या छताच्या आवृत्तीतही मिळाली. थारचं कापडी छत उघडून घाटात निघालेल्या चौघांपैकी मागच्या दोघांचे केस पाहिले की हवा उलटी कशी फिरते, याचा वेगळा पुरावा लागत नाही.

उघड्या गाडीत जाळी बसवणं ही फसवणूक नाही आणि दुबळेपणाही नाही. दोन आसनांची गाडी असेल तर आपल्या मॉडेलची, रोल बारच्या आड न येणारी, भोकं न पाडता बसणारी जाळी बिनदिक्कत घ्यावी. चार आसनांची असेल तर पैसे देण्यापूर्वी घरातल्या मागे बसणाऱ्यांना विचारावं, सहज निघणारी घडीचीच जाळी निवडावी, तिची पिशवी डिकीत कायम ठेवावी, आणि मागे बसायला कुणी आलं की ती स्वतः उतरून काढावी.